पाठीमागची बोटं

परिस्थिती बदलली की तिच्याशी जमवून घेण्याला माय वेगवेगळे शब्द वापरायची आणि एकाच्या जागी दुसरा कधी ठेवायची नाही. घरात आहे तेवढ्यात आजचा दिवस काढला तर ते भागवणं. असे दिवस लांबत गेले आणि कधी संपतील ते कळेना, तर ते निभावणं. समोरच्याचा दोष दिसत असून तोंड बंद ठेवलं तर चालवून घेणं. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सरकलं तर जुळवून घेणं. एकच बाजू सरकत असेल तर हे नाव द्यायला ती तयार नसे. सगळ्यात शेवटी रुळणं. हा शब्द स्वतःबद्दल वापरायचाच नाही, असा तिचा नियम होता.

"मी रुळले म्हणणारी बाई रुळल्याली नसती," ती म्हणायची. "ते दुसऱ्याला दिसायला पायजे."

मी याद्या करणारी बाई आहे. नोकरीत बदल्या झाल्या तेव्हा प्रत्येक नव्या गावी पहिल्या संध्याकाळी माझी यादी तयार असायची: पाणी किती वाजता येतं, दूधवाला कोण, रेशनचं दुकान कुठे, मुलांची शाळा किती लांब. काम झालं की ओळ खोडायची, सगळ्या ओळी खोडल्या की कागद चुलीत. या शब्दांची यादी मात्र मी कधी लिहिली नाही. ती सेलूत एका हिवाळ्यात पाठ झाली आणि तशीच राहिली.

सत्तरच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं. माझे वडील, म्हणजे आमचे दादा, सेलूच्या बाजारात कापसाची दलाली करायचे. शेतकरी गाडी घेऊन यायचा, व्यापारी कापूस हातात घेऊन बघायचा आणि दोघांच्या मध्ये दादा. भाव तोंडानं कधी बोलला जायचा नाही. दादांच्या खांद्यावर एक पांढरं उपरणं असे. ते हातावर टाकायचं आणि त्याच्याखाली समोरच्याची बोटं धरायची. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, अख्खा पंजा धरला तर पाच. वर तोंडानं पावसापाण्याच्या, पोरीबाळींच्या लग्नाच्या गप्पा, खाली सौदा. शेजारी उभ्या माणसाला काही कळायचं नाही. ही पद्धत बंद करा असं बाजाराच्या कमिटीनं बऱ्याचदा सांगितलं होतं. लोक हो म्हणायचे आणि उपरणं टाकायचे.

दादांना याची इतकी सवय की घरातही ते आकडा बोलत नसत. मायनं "किती भाकरी टाकू?" म्हटलं की दोन बोटं. पाहुणे किती येणार, तीन बोटं. माझ्या वर्गातला नंबर त्यांनी शेजाऱ्याला उपरण्याखाली सांगितला होता.

मग सरकारनं कापसाची सगळी खरेदी स्वतःकडे घेतली. व्यापाऱ्यानं कापूस घ्यायचा नाही, शेतकऱ्यानं सरकारी केंद्रावरच आणायचा, भाव आधीच ठरलेला आणि फळ्यावर लिहिलेला. शेतकऱ्यासाठी ते चांगलं होतं, असं दादाही म्हणायचे. पण दोघांच्या मध्ये उभ्या राहणाऱ्या माणसाला आता उभं राहायला जागाच उरली नाही. दसऱ्याला दादा काम करायचे त्या अडतीच्या दुकानाला कुलूप लागलं आणि दादा घरी बसले.

दिवाळीला नांदेडहून मामा आला. त्याचं तिथं किराणा दुकान होतं. त्यानं सरळच विषय काढला.

"दाजी, इथं बसून काय करायलाव? माझ्या दुकानावर या. मागं एक खोली हाय. अक्कालाबी माहेर, पोरीलाबी शाळा."

"नांदेडची शाळा मोठी असंल," दादा म्हणाले.

"लय मोठी."

मेहुण्याच्या दुकानात पुड्या बांधायच्या, हे दादांना जमणार नव्हतं, आणि जमणार नाही हे सांगणंही जमणार नव्हतं. मायला तर माहेरी कायमचं जायचं नव्हतंच. "माहेर चार दिसाचं," ती मला म्हणाली. "पाचव्या दिशी भावजय भांडी मोजती."

त्याच आठवड्यात दादांना खरेदी केंद्रावर हंगामी काम मिळालं. आलेल्या गाड्या ओळीत लावायच्या, कुणी मध्ये घुसला तर बाहेर काढायचा, एवढंच. काम टिकेल की नाही कुणी सांगत नव्हतं. मायनं भावाला उत्तर दिलं:

"संक्रांतीपत्तर बघतो. काम राहिलं तर ऱ्हातो इथंच. न्हाई राहिलं तर तू ये न्यायला."

मामा गेल्यावर तिनं दोन पोती काढली आणि कधीमधी लागणारी सगळी भांडी त्यात भरून तोंडं शिवून टाकली. परात, मोठं पातेलं, पितळी डबे, चाळणी, सोऱ्या, पाहुण्यांची ताटं. बाहेर राहिलं ते रोजच्या वापराचं. मी विचारलं, "जायचं ठरलं न्हाई, मंग बांधायलीस कामून?"

"बांधल्यालं असलं की डोकं मोकळं ऱ्हातं. जायचं तर उचलायचं. न्हाई जायचं तर सोडायचं."

कोणत्या पोत्यात काय आहे ते मी पाटीवर लिहून ठेवलं. माझ्या आयुष्यातली पहिली यादी तीच असावी.

पोती भिंतीला टेकून उभी राहिली आणि घरातला हिवाळा त्यांच्या शेजारी सुरू झाला. माय भागवत होती. शिवलेलं पोतं उसवायचं नाही, हा तिचा हट्ट. त्यामुळे पीठ चाळायचं म्हटलं की मला शेजारच्या काकूंकडे पिटाळायची. काकूंनी पहिल्यांदा चाळणी मुकाट दिली. दुसऱ्यांदा विचारलं, "तुमची फाटली का?" तिसऱ्यांदा दारातूनच ओरडल्या, "अगं, तुमची चाळणी गावाला गेली का काय?"

मी घरी येऊन मायला सांगितलं. ती हसली नाही. "म्हनाव, गावाला जायच्या तयारीत हाय."

दादा रोज सकाळी केंद्रावर जात. उपरणं खांद्यावर असेच. दुपारी शाळेच्या सुट्टीत त्यांचा डबा मी नेऊन द्यायची. केंद्राच्या आवारात गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत असे. बैल सोडलेले, जुवाखाली माणसं बसलेली, बाभळीच्या काट्यांना कापूस चिकटलेला. फाटकाजवळ लाकडी फळा, त्यावर प्रतीप्रमाणे भाव. केंद्रप्रमुख बाहेरगावचे होते, तरुण, चष्मा लावणारे. त्यांना एका गोष्टीचा फार जाच होता. काही व्यापाऱ्यांची माणसं रांगेत फिरून शेतकऱ्यांना फोडत आणि बंदी असताना चोरून कापूस घेत. साहेब अशाच एखाद्या माणसाच्या शोधात दिवसभर रांगेवर डोळा ठेवून असत.

आणि एका दुपारी त्यांना जे शोधायचं होतं ते दिसलं, असं त्यांना वाटलं.

मी डबा घेऊन फाटकाशी पोचले होते. झरीकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची गाडी नुकतीच लागली होती. त्यांचा कापूस वर्षानुवर्षं दादांच्याच हातातून गेलेला. दादांना बघून म्हाताऱ्याचा चेहरा फुलला. दोघं गाडीच्या चाकापाशी उभे राहिले.

"दलाल! हाय का तुमी अजून? बरं झालं बगा. हात द्या."

दादांनी हात दिला. बघता बघता उपरणं खांद्यावरून हातावर आलं. म्हातारे बाबा थंडीबद्दल बोलत होते, दादा त्यांच्या नातवाची चौकशी करत होते. मग म्हाताऱ्यानं समाधानानं मान हलवली. "हां. आता बरुबर."

"काय बरोबर?" मागून आवाज आला. साहेब उभे होते.

दादांनी उपरणं ओढून घेतलं, आणि तेच आणखी वाईट दिसलं.

"काही न्हाई, साहेब."

"काही नाही, तर झाकलं कशाला?"

दादा खाली बघत उभे राहिले. आजूबाजूच्या गाड्यांवरून माणसं उतरून जवळ आली. बाबाच पुढे झाले.

"भाव इचारायलो, साहेब. दुसरं काय?"

"भाव तिथं फळ्यावर लिहिलाय. वाचता येत नाही?"

"येतंय की. चौथीपत्तर गेलोय मी."

"मग फळा वाचायचा."

"वाचला. पण फळा सगळ्यायला सांगायलाय. सगळ्यायला सांगितल्याला भाव खरा कसा आसंल?"

जमलेले लोक हसले, पण त्यातल्या निम्म्यांच्या माना होकारार्थी हलल्या. जन्मभर खरा भाव एकेकाला, झाकून सांगितला गेला होता. उघड्यावर, मोठ्या अक्षरात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा लिहिलेला भाव म्हणजे दुकानदारानं बाहेर लावलेली पाटी. आतली गोष्ट वेगळीच असणार, हे त्यांना समजावून सांगायची गरजच नव्हती.

साहेबांनी दादांकडे वळून विचारलं, "तुम्ही काय सांगितलंत यांना?"

"फळ्यावर हाय त्योच, साहेब."

"बोटांनी?"

"व्हय."

"मला करून दाखवा. त्या कापडाशिवाय."

साहेबांनी हात पुढे केला. दादांनी तो धरला. एक बोट धरलं, सोडलं, दुसरं धरलं, पुन्हा सगळी सोडली. इतकी वर्षं अंधारात चालणारी बोटं उन्हात गोंधळून गेली. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या.

"उघड्यावर येत न्हाई, साहेब," ते हळूच म्हणाले. पुन्हा हशा झाला.

साहेब हसले नाहीत. त्यांनी रांगेच्या टोकाहून, जिथपर्यंत हे बोलणं पोचलं नव्हतं, तिथून एका शेतकऱ्याला बोलावून आणलं. "यांना सांगा भाव. टाका ते कापड." दादांनी उपरणं टाकलं. त्या माणसानं क्षणभर डोळे बारीक केले आणि मोठ्यानं आकडा बोलला. फळ्यावरचाच होता, रुपयाचाही फरक नाही.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "आज तुम्ही घरी जा. उद्या सकाळी या. ठेवायचं की नाही, उद्या सांगतो."

आम्ही दोघं घरी आलो. डबा तसाच माझ्या हातात होता. मायनं दादांकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"त्येंच्या जागी तुमी आसता तर काय केलं आसतं?"

"काढून टाकलं आसतं," दादा म्हणाले.

मग तिनं बाहेर राहिलेल्या भांड्यांकडे नजर टाकली. तिसरं पोतं लागेल, असं म्हणाली. मी पाटी काढून ठेवली. त्या संध्याकाळी कुणी निभावणं, भागवणं यातला कोणताच शब्द काढला नाही. दादांनी जेवताना दोन बोटं दाखवली, पण भाकरी एकच खाल्ली.

सकाळी दादा निघाले तेव्हा मायनं त्यांच्या खांद्यावरून उपरणं काढून घेतलं.

"आज हे न्हाई न्यायचं."

"आगं, ऊन लागतंय डोक्याला."

"टोपी घाला."

टोपी घालून, रिकाम्या खांद्यानं ते गेले. चपला विसरून चाललेल्या माणसासारखे अवघडून चालत होते. माय दारात उभी राहून बघत होती. दुपारी डबा न्यायची वेळ झाली तेव्हा ती म्हणाली, "चल, मी येते." माय बाजाराच्या आवारात आजवर कधी आली नव्हती. पदर घट्ट लपेटून ती माझ्यापुढे चालायला लागली.

फाटकाशी पोचलो तर दादा फाटकाशी नव्हते. मायनं माझं मनगट धरलं. आणि मग रांगेच्या मधून आवाज ऐकू आला. दादांचाच होता, पण एवढा मोठा आवाज त्यांच्या गळ्यात आहे हे आम्हांला माहीत नव्हतं.

"बाबा, आजचा भाव सांगायलोय. तुमालाच सांगायलोय. ऐका."

ते एका गाडीपाशी उभे होते. गाडीवानाच्या डोळ्यात डोळे घालून त्यांनी भाव सांगितला, कोणत्या प्रतीला किती ते सांगितलं, समजलं का विचारलं, आणि पुढच्या गाडीकडे गेले. तिथं पुन्हा तेच, जणू दुसऱ्या कुणाला सांगितलंच नव्हतं. आदल्या दिवशीचे झरीचे बाबा, ज्यांचा कापूस अजून मोजायचा राहिला होता, ते चाकाला टेकून बसले होते. मला बघून म्हणाले, "साहेब लय हुशार निघाला. म्हनला, लोकायला एकट्याला ऐकायचं हाय ना, मंग एकेकट्याला सांगा. पर तोंडानं. आन् हात मागं बांधून."

खरोखर दादांचे हात पाठीमागं बांधलेले होते. काम राहिलं होतं. मी मायकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर मला हवी होती ती सुटका दिसेना. ती दादांच्या पाठीकडे टक लावून बघत होती.

"बघ," ती म्हणाली.

दादा तोंडानं भाव बोलत होते आणि पाठीमागं त्यांचा उजवा हात डाव्या हाताची बोटं धरत होता. एक, दोन, पंजा. सोडून पुन्हा. तोंडानं जो आकडा, तोच मागं. त्यांना स्वतःला याचा पत्ताच नव्हता.

मायनं डबा चाकापाशी ठेवला आणि आम्ही घरी आलो. वाटेत मी म्हटलं, "आता पोती सोडायची ना?"

"कामून?"

"काम राहिलं की."

"जुळवून घेतलंय," ती म्हणाली. "साहेबानंबी घेतलं, ह्यांनीबी घेतलं. लय झालं तेवढं. पर रुळले न्हाईत आजून."

पोती शिवलेलीच राहिली. मी काकूंकडून चाळणी आणत राहिले आणि बोलणी खात राहिले. दादांचं उपरणं मायनं धुऊन भाकरीच्या टोपलीत घातलं. पहिल्या दिवशी दादांनी ते बघितलं, भाकरी उचलली आणि उपरण्याचं टोक परत नीट झाकून ठेवलं. पुढे त्याची चौकशी केली नाही.

त्यानंतर मायनं नेमच धरला. तीन-चार दिवसांनी एकदा डबा घेऊन ती स्वतः जायची आणि पाठीमागून बघून यायची. मी विचारलं की "आजून हाय" एवढंच सांगायची. मामाचा निरोप आला की संक्रांत झाली की येतो, सामान बांधून ठेवा. मायनं परत निरोप धाडला, बांधल्यालंच हाय.

घरात मात्र एक बदल मला दिसला. एका रात्री जेवताना मायनं नेहमीप्रमाणे विचारलं, "किती टाकू?"

"दोन!" दादा ओरडले. इतक्या जोरात की मी दचकले. आपल्याच आवाजानं तेही दचकले. मग आम्ही तिघंही हसलो. त्या हिवाळ्यात आमच्या घरात असं हसू पहिल्यांदाच आलं होतं.

भोगीच्या आदल्या दिवशी मला शाळा नव्हती. माय आणि मी मिळून डबा घेऊन गेलो. गाड्यांची गर्दी खूप होती. दादा एका गाडीकडे तोंड करून उभे होते, हात पाठीमागं. समोर नवरा-बायको दोघं गाडीवर बसलेले, बाईनं काहीतरी उलट विचारलं होतं आणि दादा तिला समजावत होते.

"न्हाई वहिनी, तुमाला येगळा न्हाई आन् त्येंना येगळा न्हाई. मी सकाळधरनं सगळ्यायला ह्योच सांगायलोय. जाऊन इचारा कुनालाबी."

सगळ्यायला. हा शब्द दादांच्या तोंडून भावाच्या बाबतीत मी पहिल्यांदा ऐकला. ती बाई मान हलवून खाली उतरली.

मी त्यांच्या पाठीकडे बघितलं. दोन्ही हात एकमेकांत सैल अडकलेले होते. बोटं स्वस्थ होती, ओट्यावर ऊन खात बसलेल्या म्हाताऱ्यांसारखी. दादा पुढच्या गाडीकडे गेले, तिथं भाव सांगितला. बोटं हलली नाहीत. त्याच्या पुढच्या गाडीपाशीही हलली नाहीत.

मायनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. डबा द्यायला पुढे झाली तेव्हा दादांनी मागं वळून बघितलं.

"आलाव का? साहेब म्हनले, हंगाम संपला की उन्हाळ्यात गोदामावर राखणीला ऱ्हावा. पुढल्या साली परत हेच."

"बरं," माय म्हणाली, जणू तिला हे आधीच ठाऊक होतं.

परतीच्या वाटेवर ती भरभर चालत होती. मला तिच्यामागं पळावं लागत होतं. घरात शिरताच तिनं खाली बसून पहिल्या पोत्याच्या तोंडाचा दोरा विळ्यानं कापला.

"रुळले," ती म्हणाली, मला नाही, पोत्याला. "पाटी आन."

मी पाटी आणली. ती एकेक भांडं काढायची, मी ओळ पुसायची. परात निघाली, तिळाचे लाडू करायला मोठं पातेलं निघालं. पितळी डबे निघाले, पाहुण्यांची ताटं निघाली. दुसऱ्या पोत्यातून सोऱ्या आणि सगळ्यात तळाशी चाळणी. ती पाटीवरची शेवटची ओळ. ती पुसली आणि पाटी कोरी झाली. एवढी मोकळी कोरी पाटी मी नंतर कुठल्याच शाळेत बघितली नाही.

संक्रांतीनंतर मामा आला तेव्हा त्याला पाहुण्यांच्या ताटात जेवायला वाढलं. तो ताटाकडे बघून समजला. दोन दिवस राहिला, दादांबरोबर केंद्रावर जाऊन आला आणि जाताना म्हणाला, "दाजी, लय मोठ्यानं बोलायलाव तुमी."

पण ते नंतरचं. चाळणी निघाली त्या संध्याकाळी मायनं ती धुतली, पुसली आणि शेजारच्या काकूंची चाळणी माझ्या हातात देऊन म्हणाली, "देऊन ये. सोबत चार लाडू ने."

काकू दारातच होत्या. चाळणी बघून म्हणाल्या, "आली का तुमची, गावाहून?"

"आली," मी म्हटलं. "आता जायची न्हाई कुटं."